स्टेअरिंग मोकळं, तरी गाडी लॉक : उद्यमनगरातली एक पूर्ण केस

जुलैचा शेवटचा आठवडा, कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, पाऊस काय थांबायचं नाव घेईना, आणि सकाळी पावणेनऊला ताराबाई पार्कातून फोन. ‘दादा, गाडी उठेना झालीय. बटण दाबलं की डॅशवर किल्लीचा पिवळा दिवा तेवढा लागतोय, बाकी मीटर अंधारात. स्टार्टरचा आवाजपण नाही.’

गाडी म्हणजे जपानी कूपे, दोनच सीट, पुढं व्ही सिक्स, ड्राइव्ह मागच्या चाकांना, सहा गिअरची मॅन्युअल, २०११ चं मॉडेल. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बटण स्टार्ट आल्यावर या जातीचं इलेक्ट्रॉनिक स्टेअरिंग लॉक बऱ्याच कंपन्यांनी वापरलंय आणि खाली जे सांगतोय ते त्या सगळ्यांना थोड्याफार फरकानं लागू होतं. केस पूर्ण लिहितोय त्याचं कारण एकच, गाडीच्या मालकाला, या पोराला, एका ठिकाणी १ लाख ४० हजाराचं बॉडी कंट्रोल मॉड्युल (किल्ली, लॉक, दिवे सांभाळणारा गाडीतला कंप्युटर) बदलायला सांगितलं होतं, ॲडव्हान्स द्यायची तयारीपण झाली होती, आणि मॉड्युल ठणठणीत होतं.

आधी काय काय झालं होतं ते सांगतो. गाडी बेसमेंटमध्ये १९ दिवस उभी. कोल्हापुरात पावसाळ्यात अशी गाडी कोण बाहेर काढत नाही, रस्त्यावरचे खड्डे आणि गाडीची खालची उंची बघता बरोबरच आहे. विसाव्या दिवशी बटण दाबलं, उठली नाही. रोडसाइडवाला येऊन जंपर लावून गेला, काही फरक नाही. शेजारच्या दोघा-तिघांनी धक्का मारून बघू म्हटलं, ते याने करू दिलं नाही आणि फार बरं केलं. इग्निशनच ऑन होत नाही तिथं धक्का मारून इंजिन पेट घेणारच नाही, आणि लॉकची खात्री नसताना उतारावर गाडी ढकलणं म्हणजे सरळ भिंतीला नेऊन घालणं. मग एक जण स्कॅनर घेऊन आला, त्यानं कोड काढला, ‘स्टेअरिंग लॉकची स्थिती जुळत नाही’ अशा अर्थाचा, आणि मॉड्युल गेलं म्हणून मोकळा झाला.

कोडची सुरुवात बी अक्षरानं होती. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे चॅसिस, यू म्हणजे मॉड्युलांचं आपसातलं बोलणं आणि बी म्हणजे बॉडी. बी बघितला की बॉडी मॉड्युलवर बोट ठेवायची सवय खूप जणांना लागलीय. पण कोड हा मॉड्युलनं लिहिलेला असतो, मॉड्युलबद्दल लिहिलेला नसतो. तक्रार करणारा एक आणि दुखणं दुसऱ्याचं, असं नव्वद वेळा बघितलंय मी.

आता हे लॉक चालतं कसं, ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या किल्लीच्या गाडीत सगळं यांत्रिक, बॅरल फिरवलं की त्याच्या मागचा कॅम खिट्टी ओढून घेतो आणि स्टेअरिंगच्या दांड्यावरची खाच मोकळी होते. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून चोरीविरोधी नियम लागू झाला, किल्ली काढली की स्टेअरिंग तरी अडलं पाहिजे नाहीतर गाडी स्वतःच्या ताकदीनं हलता कामा नये, असा. आपल्या दसरा चौकात दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक येते, त्या पिढीच्या गाड्यांना हा विषयच नव्हता. बटण स्टार्टमध्ये बॅरल गेलं, मग खिट्टी ओढायची कुणी? तर त्यासाठी स्टेअरिंग कॉलमवर एक मुठीएवढा डबा बसवला, त्यात छोटी मोटर, वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा), एक प्लॅस्टिकचा गिअर, खिट्टी, आणि खिट्टी कुठं आहे ते सांगणारे दोन खटके. एक सांगतो ‘लॉक’, दुसरा सांगतो ‘अनलॉक’.

बटण दाबलं की बॉडी मॉड्युल आधी केबिनमधल्या अँटेनातून किल्लीला हाक मारतं. किल्लीनं ओ दिली की मॉड्युल लॉकच्या डब्याला परवानगी देतं, मोटर फिरते, खिट्टी आत जाते, अनलॉकचा खटका बसतो, आणि तो निरोप मॉड्युलला पोचल्यावरच इग्निशनचा रिले ओढला जातो. निरोप नाही तर इग्निशन नाही. हे मुद्दाम असं केलंय, खिट्टी अर्धवट बाहेर असताना गाडी पळायला लागली आणि पन्हाळ्याच्या वळणावर स्टेअरिंग अडकलं तर काय होईल याचा विचार करून. गाडी चालू झाली की मॉड्युल त्या डब्याची पॉवरच तोडतं, म्हणजे चालताना खिट्टी बाहेर येऊच शकत नाही.

ही साखळी डोक्यात ठेवायची आणि एकेक कडी हातानं तपासत जायचं, दुसरा मार्ग नाही.

मी पोचलो तेव्हा बेसमेंटमध्ये ओल होती, भिंतीतून पाणी झिरपत होतं. पहिलं काम, बॅटरी. मीटर लावला, ११.८ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी आरामात असताना १२.६ च्या आसपास दाखवते, ही जवळजवळ रिकामीच. जंपर लावून बघितलं होतं हे खरं, पण पोर्टेबल जंपरचे चिमटे नीट बसले नसतील तर ती तपासणी धरायची नाही. चार्जर लावला आणि सरळ उद्या येतो म्हणून सांगितलं. मालकाला वाटलं मी टाळतोय. पण या लॉकची मोटर कमी व्होल्टेजवर हमखास दगा देते आणि कमी व्होल्टेजवर काढलेले कोड विश्वासाचे नसतात, म्हणून आधी १२.६ आणि मगच बाकीचं. दुसऱ्या दिवशी १२.६५ होते. आधीचे कोड लिहून घेतले, पुसले, बटण दाबलं. तेच. पिवळा दिवा, आणि तोच एक कोड परत.

मग किल्ली. आतला सीआर २०३२ सेल मोजला, ३.० व्होल्ट. दुसरी किल्ली घेतली, तेच. किल्ली बटणाला चिकटवून दाबली, तेच. दरवाजे दोन्ही किल्ल्यांनी उघडत होते पण तो रेडिओचा वेगळा भाग आहे, त्यावरून इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा, ठीक आहे असं म्हणता येत नाही. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात मात्र किल्ली ओळखल्याचं स्पष्ट दिसत होतं. कडी पक्की.

आता स्टेअरिंग. बऱ्याचदा पुढचं चाक भिंतीला किंवा कट्ट्याला टेकून उभं असतं, टायरचा ताण दांड्यावर येतो, खिट्टी खाचेत चेपून बसते आणि मोटरला ओढत नाही. अशा वेळी एका हातानं स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवत दुसऱ्यानं बटण दाबलं की सुटतं. हे मी फोनवरच करायला सांगतो आणि निम्म्या गाड्या तिथंच चालू होतात. इथं मी स्टेअरिंगला हात घातला आणि ते फिरलं. आरामात. डावीकडं पाऊण फेरा, उजवीकडं पाऊण फेरा, पॉवर नसल्यामुळं जड, पण कुठंही खटकन अडलं नाही.

मी पाच मिनिटं तसाच बसून राहिलो सीटवर. स्टेअरिंग मोकळं आहे म्हणजे खिट्टी खाचेच्या बाहेर आहे. लॉकनं आपलं काम केलंय. तरी गाडी म्हणते लॉक उघडलं नाही. म्हणजे कुलूप उघडलंय आणि निरोप पोचत नाही, एवढीच भानगड. मग प्रश्न एकाच वाक्याचा उरला, खिट्टी आत आलीय हे मॉड्युलला सांगतो कोण आणि तो गप्प का?

दरवाजा उघडा ठेवून आणि ब्रेक दाबून मॉड्युल जागं ठेवलं आणि लाइव्ह डेटात दोन्ही खटक्यांच्या ओळी समोर घेतल्या. लॉक : ऑफ. अनलॉक : ऑफ. दोन्ही ऑफ. ही अवस्था फक्त खिट्टी प्रवासात असताना, क्षणभरच यायला पाहिजे, आणि ही तर गाडी उभी असताना कायमची. माझ्या हाताखालच्या पोऱ्याला बटण दाबायला लावलं आणि मी स्क्रीनवर डोळे लावून बसलो. कॉलमजवळ ‘झिक’ असा आवाज, मग दुसरा बारका ‘झिक’, अनलॉकची ओळ एकदा पापणी लवावी तशी ऑन झाली आणि परत ऑफ.

ही जी पापणी लवली ना, त्यातच सगळी केस होती. मॉड्युल मेलेलं असतं तर ते मोटरला हुकूमच देऊ शकलं नसतं. वायर तुटलेली असती तर ओळ कधीच हलली नसती. हुकूम जातोय, मोटर फिरतेय, खटका शिवतोय पण टिकत नाही.

तरीपण वायरिंग मोजल्याशिवाय मी कुठलाच पार्ट उघडत नाही. डाव्या बाजूचं कार्पेट उचललं तर उंदरानं कुरतडलेली एक वायर सापडलीच, पावसाळ्यात ही घरं बांधतात हार्नेसच्या उबेला, पण ती मागच्या स्पीकरची निघाली, टेप करून सोडून दिली. (हे सांगायचं कारण, पहिली खराब वायर दिसली की तीच कारण, असं धरून बसायचं नाही.) लॉकच्या कनेक्टरवर बॅटरीची लाइन १२.६. नुसता मीटर लावून समाधान करून घ्यायचं नसतं, एक सुतासारखी उरलेली तारसुद्धा मीटरला १२.६ दाखवते आणि लोड आल्यावर बसते. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लोड म्हणून जोडला, लख्ख पेटला, लाइन १२.४ वर राहिली. अर्थिंगवरचा ड्रॉप ०.०४ व्होल्ट, उत्तम. बटण दाबल्यावर रिलेमधून येणारी पॉवरपण वेळेवर येत होती. कनेक्टर हलवून, ओढून बघितला, हिरवा गंज नाही, ढिल्या पिना नाहीत. बाहेरचं सगळं ठीक. राहिला डबा.

पोऱ्याला म्हटलं बटण दाब, आणि मी स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीनं डब्यावर हलकेच टकटक केली. तिसऱ्या टकटकीला डॅशवरचा मीटर उजळला. क्लच दाबून परत बटण, आणि इंजिन त्या बंद बेसमेंटमध्ये असं काही गरजलं की वरच्या मजल्यावरून वॉचमन पळत आला. मालकाचे डोळे भरले होते, खोटं सांगत नाही.

‘झालं की दादा! आता घेऊन जाऊ का एक राउंड, रंकाळ्यापर्यंत?’

नाही म्हटलं, आणि इथं मी कडक बोललो त्याला. टकटकीनं चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नव्हे. मला त्या क्षणी एवढंच माहीत होतं की खिट्टी खाचेच्या बाहेर आहे, पण किती बाहेर, ते डबा उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आता बेसमेंटच्या रॅम्पवर छतापर्यंतची उंची सव्वादोन मीटर, फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घालून नेणारा ट्रक) आत येत नाही, म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर वर काढणं भाग. म्हणून लाइव्ह डेटात अनलॉक पाच मिनिटं सलग ऑन आहे हे बघितलं, मगच लॉकचा फ्यूज उपसला म्हणजे मोटर काही केल्या फिरणार नाही, स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन आणलं, आणि चालत्या माणसाच्या वेगानं रॅम्प चढवून थेट फ्लॅटबेडवर. खाली दोन सागवानी फळ्या टाकल्या, नाहीतर पुढचा बंपर पहिल्यांदा गेला असता. तिथून शिवाजी उद्यमनगर, माझ्या गॅरेजात.

टकटक करून फ्यूज काढला की काम झालं, असं सांगणारे खूप आहेत. त्यातलं तत्त्व बरोबर आहे, पण क्रम चुकला की जीवावर येतं. खिट्टी अर्ध्यात असताना फ्यूज काढलात तर ती अर्ध्यातच राहणार, आणि गाडी कधी कोणत्या धक्क्यानं काय करेल ते कुणी सांगू शकत नाही. आधी अनलॉक पक्कं आहे हे डोळ्यांनी बघायचं, मग फ्यूज. आणि तेसुद्धा गाडी गॅरेजपर्यंत आणण्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी डबा काढायला बसलो. बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि थांबलो, एअरबॅगच्या मॉड्युलमध्ये चार्ज साठलेला असतो, तो उतरायला किमान ३ मिनिटं द्यायची, मी १० देतो. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना मीटर लावायचा नाही. स्टेअरिंग सरळ करून सीटबेल्टनं बांधून टाकलं, कारण कॉलम खाली घेतल्यावर स्टेअरिंग नुसतं गरगर फिरलं तर आतली स्पायरल केबल तुटते आणि मग हॉर्न, एअरबॅग सगळं एकदम जातं. गुडघ्याजवळचं पॅनेल, त्यामागची पट्टी, मग कॉलमचे चार नट. डबा कॉलमला ज्या दोन बोल्टांनी धरलेला असतो त्यांची डोकी फॅक्टरीतच मोडलेली असतात, पान्याला धरायला काही ठेवत नाहीत, चोराला सहज काढता येऊ नये म्हणून. एक बोल्ट बारीक छिन्नीनं उलटा ठोकत ठोकत फिरला. दुसऱ्यानं दीड तास खाल्ला, शेवटी मधोमध पंच मारून उलट्या दिशेचा ड्रिल लावला तेव्हा फिरत बाहेर आला.

डबा टेबलावर आला. झाकण उघडलं. पहिला वास आला जळक्या तेलासारखा, आणि आतलं ग्रीस... मूळचं पांढरं असणार ते, आता गुळाच्या ढेपेच्या बुडाला जो चिकट तपकिरी थर असतो ना तसं झालेलं. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. वर्मच्या दात्यांत हेच भरलेलं, खिट्टीच्या खोबणीत हेच. खटके दोन्ही दाबून मोजले, दोन्ही व्यवस्थित, टक असा आवाज, मीटरवर पक्की कंटिन्युइटी. सर्किटच्या पाटीवर भिंगातून सोल्डरिंग बघितलं, कुठंही चीर नाही.

मग बेंच सप्लायवर १२.६ देऊन मोटर फिरवली आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला. खिट्टी आत यायची, शेवटाला आली की मोटर गुदमरायची आणि थांबायची. अनलॉकच्या खटक्याला दाबणारा कॅम जिथं पोचला पाहिजे त्याच्या पाऊण मिलीमीटर अलीकडं. पाऊण मिलीमीटर! खिट्टी दांड्याच्या खाचेतून कधीच बाहेर आली होती म्हणून स्टेअरिंग मोकळं, पण खटका दाबायला लागणारा शेवटचा पाऊण मिलीमीटर मोटरला खेचवत नव्हता म्हणून दोन्ही ओळी ऑफ. कधी जोर करून कॅम खटक्याला शिवायचा आणि घट्ट ग्रीसच्या लवचिकतेनं मागं यायचा, तीच ती पापणी. आणि टकटक केली की कंपनानं तेवढंच सरकायचं. स्क्रीनवर दिसलेली प्रत्येक गोष्ट या एका मापात बसली. असं बसलं की मग मी कारणावर विश्वास ठेवतो, त्याआधी नाही.

मोटर का गुदमरते? ती घेऊन गेलो आमच्या ओळीतल्या रिवायंडिंगवाल्या मामांकडं. मामांची हयात शेतीपंपाच्या मोटरी भरण्यात गेली, पाच एचपी, साडेसात एचपी, आणि मी त्यांच्या हातात दिली अंगठ्याएवढी मोटर. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती उघडली, कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासून मोटरला करंट देतात तो तांब्याचा भाग) उजेडाकडं धरला आणि म्हणाले, ‘बाळा, काळा पडलाय बघ. कार्बन झिजून भुकटी या फटीत बसलीय. करंट मिळतोय पण ताकद न्हाई. पंपाचंबी असंच असतंय, मोटर फिरती पण पाणी चढत न्हाई.’ सुईनं एकेक फट साफ केली, बारीक पॉलिश पेपरचा दोन बोटं रुंद तुकडा फिरवला. पैसे घेतले नाहीत. जुन्या काळच्या नावाजलेल्या कारागिराच्या, म्हादबा मेस्त्रींच्या, गावात अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या नजरेला तोड नाही.

मी वर्म, गिअर, खोबणी सगळं साफ करून प्लॅस्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस बेताचं लावलं. परत बेंचवर. १२.६ व्होल्टवर ३० वेळा उघडझाप, ३० वेळा खटका पक्का. कारण सिद्ध झालं. मग सप्लाय ११.५ वर आणला आणि परत ३० वेळा, तर २ वेळा खटक्याच्या अलीकडं थांबली.

इथं निर्णय घ्यायचा होता आणि मालकाला समोर बसवून सगळं सांगितलं. साफ केलेला जुना डबा आज बसवला तर खर्च जवळजवळ शून्य, गाडी आज संध्याकाळी घरी. पण कार्बन झिजलेले आहेत ते आहेतच, बॅटरी थोडी उतरली की ३० मध्ये २ वेळा अडणार, आणि अडणार कुठं? आंबोली घाटात फोटो काढायला थांबलात तर तिथं. दुसरा रस्ता, भंगारातला वापरलेला डबा. त्याचा ओळख क्रमांक आधीच्या गाडीच्या मॉड्युलशी बांधलेला असतो, आपलं मॉड्युल त्याला दारात उभं करत नाही, शिवाय तो कुठल्या गाडीतून आला हे कोण सांगणार. तिसरा, एम्युलेटर, म्हणजे ‘लॉक उघडलंय’ असं मॉड्युलला कायम खोटं सांगणारी चकती. स्वस्त आहे, मिळते. मी बसवत नाही. चोरीविरोधी कुलपाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, संयुक्त राष्ट्रांचं वाहन नियमन क्रमांक ११६ त्यासाठीच आहे, आणि उद्या गाडी चोरीला गेली किंवा अपघात झाला तर त्या चकतीचा जबाब मालकाला द्यावा लागेल, मला नाही. चौथा, कंपनीचा नवीन डबा, पाच आठवडे लागणार, कोडिंगसकट ४६ हजार.

तो विचारात पडला. ‘कंपनीनंच असलं नाजूक का करावं?’ म्हणाला. प्रश्न रास्त आहे आणि तो एकटा नाही. अमेरिकेत १९९७ ते २००४ दरम्यानच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला कॉलम लॉकचीच कटकट होती, त्यासाठी २००४ साली रिकॉल निघाला, आणि तिथले लोकपण बायपास बसवत होते. स्पोर्ट्स कार जास्त दिवस उभी असते, बॅटरी उतरते, ग्रीस सुकतं, आणि असल्या बारक्या मोटरीला रोजचा व्यायाम नसतो. रोज बँकेत जाणारी साधी गाडी दिवसातून दहा वेळा हे लॉक उघडते, तिचं ग्रीस पसरत राहतं. माझ्या अनुभवात तरी उभ्या गाड्यांचंच हे दुखणं जास्त आलंय.

त्यानं नवीन डबा सांगितला. मधल्या पाच आठवड्यांसाठी मी साफ केलेला जुना बसवून दिला, दोन अटींवर : गाडी शहरातच फिरवायची आणि बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावून ठेवायचा. त्या काळात एकदाही अडली नाही, पण म्हणून मी तो निर्णय बदलला नाही.

सप्टेंबरात नवीन डबा आला. कोडिंग करायला पुण्याहून एक जण कंपनीच्या दर्जाचं स्कॅनर घेऊन आला. डबा आणि मॉड्युल यांची ओळख करून द्यायची असते, ती एकदाच होते, म्हणून त्या वेळी बॅटरीला सप्लाय जोडून व्होल्टेज १३ च्या वर धरून ठेवलं. मधे व्होल्टेज पडलं तर नवा डबाही हातचा जातो. वीस मिनिटांत झालं. नवे बोल्ट डोकं मोडेपर्यंत आवळले, टक करून मोडलं की समजायचं बसला.

मग तपासणी, आणि ही मी कधी टाळत नाही. १२.६ व्होल्टवर ५० वेळा इग्निशन चालू-बंद, दरवाजा उघडून लॉक पडू द्यायचं आणि परत उघडायचं. ५० पैकी ५०. मग हेडलाइट लावून बॅटरी मुद्दाम ११.८ वर आणली, म्हणजे जुलैच्या त्या सकाळी होती तिथंच, आणि २० वेळा. २० पैकी २०. मग पुढचं चाक लाकडी ठोकळ्याला दाबून, स्टेअरिंगवर ताण ठेवून १० वेळा. दोनदा दिवा लुकलुकला आणि स्टेअरिंग हलवल्यावर सुटला, तो ताण काढला की बंद, ते नॉर्मल आहे. लाइव्ह डेटा प्रत्येक वेळी स्वच्छ : लॉक ऑन, अनलॉक ऑफ, मग लॉक ऑफ, अनलॉक ऑन. मधलं दोन्ही ऑफ डोळ्याला दिसणारसुद्धा नाही इतकं झटकन.

मालकाला सांगितलं, बेसमेंटमध्ये लावताना पुढची चाकं सरळ ठेवा, कट्ट्याला टेकवू नका, आणि पंधरवड्यातून एकदा तरी बाहेर काढा, पाऊस असला तरी. त्यानं पहिली फेरी जोतिबाच्या डोंगरावर मारली आणि वरून फोन केला, गाडी बंद करून पाच वेळा चालू केली म्हणाला, पाचही वेळा.

जुना डबा मी मागून घेतला. झाकण काढून टेबलावर ठेवलाय, शेजारी बारा व्होल्टचा सप्लाय. आयटीआयची पोरं येतात शिकायला, त्यांना आधी खिट्टी बाहेर काढून दाखवतो, मग आत, आणि मग व्हर्नियर हातात देतो आणि विचारतो, सांग बघू, खटक्यापर्यंत किती राहिलंय.